गनमेटलच्या जागी प्लास्टिक बुश: निवड, मापं आणि बसवणी

कन्व्हेयरच्या रोलरला, पॅकिंग मशीनच्या लिव्हरला, ट्रॉलीच्या चाकाला गनमेटलचा (तांब्याच्या मिश्रधातूचा) बुश असतो, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी. ग्रीस द्यायचं राहून जातं, शाफ्ट खाल्ला जातो, आणि मग कुणीतरी सुचवतं, "नायलॉनचा करून टाका." जुनं ड्रॉइंग काढलं जातं, मटेरिअलच्या रकान्यात गनमेटल खोडून नायलॉन लिहिलं जातं आणि टर्नरकडे पाठवलं जातं. बुश छान बनतो, छान बसतो, आणि दोन दिवसांत शाफ्ट जाम होतो. मग "प्लास्टिक काही खरं नाही" असा शिक्का बसतो.

प्लास्टिक बुश उत्तम चालतात. डेअरीत, औषधांच्या कारखान्यात, कापड यंत्रांत ते वर्षानुवर्षं वंगणाशिवाय फिरतात. अट एकच आहे: मटेरिअल बदललं की ड्रॉइंगही नव्याने करायचं. भिंतीची जाडी, क्लिअरन्स (शाफ्ट आणि बुशमधली मोकळी जागा), बुश धरून ठेवायची पद्धत आणि शाफ्ट, या चारही गोष्टी बदलतात. त्या कशा ठरवायच्या हे एकाच उदाहरणाच्या आधाराने पाहू: २५ मिमीचा शाफ्ट, ६० आरपीएम, प्रत्येक बुशवर ४०० न्यूटन म्हणजे साधारण ४० किलो भार, स्टीलचं हाउसिंग, म्हणजे बुश ज्याच्या भोकात बसतो तो भाग. चालताना तापमान २० वरून ६० अंशांपर्यंत जातं असं धरू.

आधी माहिती, मग मटेरिअल

मटेरिअलचं नाव घेण्याआधी एका कागदावर एवढं लिहून काढा: भार किती आणि धक्क्याचा आहे का, वेग किती, फिरणं सलग की थांबत-थांबत, की नुसतं मागे-पुढे हलणं, आजूबाजूचं तापमान, पाणी किंवा रसायन लागतं का, धूळ किती, आणि शाफ्ट फिरतो की त्याच्यावरचं चाक फिरतं. शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. शाफ्ट फिरत असेल तर भार बुशच्या एकाच बाजूवर राहतो आणि बुश एका बाजूने झिजतो. शाफ्ट स्थिर आणि बुशसकट चाक फिरत असेल तर बुश सगळीकडून सारखा झिजतो, पण शाफ्ट एका बाजूने घासला जातो. अशा वेळी शाफ्ट चांगला कडक लागतो.

पीव्हीचं गणित

बुशवरचा दाब म्हणजे भार भागिले (व्यास गुणिले लांबी). लांबी २५ मिमी धरली तर ४०० ÷ (२५ × २५) = ०.६४ मेगापास्कल. पृष्ठभागाचा वेग म्हणजे ३.१४ × २५ × ६० ÷ ६०,००० = ०.०७९ मीटर प्रति सेकंद. दोन्हींचा गुणाकार, म्हणजे पीव्ही, आला ०.०५ (मेगापास्कल गुणिले मीटर प्रति सेकंद).

या आकड्याला इतकं महत्त्व का? घर्षणाने किती उष्णता तयार होणार ते तो सांगतो. गनमेटल ती उष्णता हाउसिंगकडे पटकन पोचवतं. प्लास्टिकची उष्णतावाहकता त्याच्या शंभराव्या हिश्शापेक्षाही कमी, त्यामुळे प्लास्टिक बुश म्हणजे शाफ्टभोवती गुंडाळलेली घोंगडीच. उष्णता आत साठते, बुश फुगतो, क्लिअरन्स संपतो, घर्षण वाढतं, अजून उष्णता होते, आणि बुश वितळतो.

कोरड्या धावेसाठी, स्टीलच्या शाफ्टवर, पीव्हीच्या मर्यादा ढोबळ मानाने अशा: साधं नायलॉन आणि अ‍ॅसिटल ०.१, यूएचएमडब्ल्यू (अतिउच्च रेणुभाराचं) पॉलिथिलीन ०.०७, साधं टेफ्लॉन ०.०४, काच, कार्बन किंवा ब्राँझ भरलेलं टेफ्लॉन ०.३५. नेमका आकडा ग्रेडप्रमाणे बदलतो, तो पुरवठादाराच्या डेटाशीटवरून घ्या. सलग चालणाऱ्या यंत्रात मात्र मर्यादेच्या निम्म्याच्या पुढे जाऊ नये. आपलं ०.०५ नायलॉन-अ‍ॅसिटलच्या मर्यादेच्या बरोबर निम्मं आहे, म्हणजे चालेल, पण काठावर.

इथे अनेक जण शाफ्टचा व्यास वाढवायला जातात. गणित मांडून बघा. व्यास वाढला की दाब कमी होतो, पण त्याच प्रमाणात वेग वाढतो. गुणाकारात व्यास कटतो आणि उरतं फक्त ३.१४ × भार × आरपीएम ÷ (६०,००० × लांबी). म्हणजे पीव्ही कमी करायची तर लांबी वाढवा, आरपीएम कमी करा किंवा भार दोन बुशांत वाटा. लांबी ३० केली की पीव्ही ०.०४२ वर येते. शाफ्ट वाकत असेल तर व्यास जरूर वाढवा, पण बुश थंड राहावा म्हणून नव्हे.

लांबी वाढवण्यालाही मर्यादा आहे. व्यासाच्या दुपटीपेक्षा लांब बुशमध्ये शाफ्ट जरासा तिरका झाला तरी सगळा भार दोन्ही कडांवर येतो. व्यासाच्या १ ते १.५ पट लांबी बहुतेक कामांना पुरते.

पीव्ही आत बसली तरी दाब आणि वेग वेगवेगळेही तपासा. साधं टेफ्लॉन भाराखाली हळूहळू चेपत जातं, त्यामुळे कमी वेगातही जड भाराला ते चालत नाही. तर नायलॉन कोरड्याने २ मीटर प्रति सेकंदाच्या आसपासच्या वेगाला नेऊ नये, भार कितीही हलका असला तरी.

कोणतं प्लास्टिक

कास्ट नायलॉन धक्के सोसतं, झिजेला चांगलं, रॉड आणि पाइप सहज मिळतात. काळ्या रंगाचं मॉलिब्डेनम डायसल्फाइड घातलेलं आणि तेल मुरवलेलं असे ग्रेड बुशसाठी जास्त बरे. दोष एकच, पण मोठा: ते पाणी पितं. पूर्ण भिजलं तर साधं नायलॉन ६ वजनाच्या सुमारे ९ टक्के पाणी घेतं, कास्ट नायलॉन थोडं कमी. कोल्हापूर, कोकण, गोव्यात पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की बुशला पाण्यात बुडवायची गरज पडत नाही. मार्चमध्ये मोकळा फिरणारा रोलर जुलैत जड का झाला, याचं उत्तर बहुधा इथे सापडतं.

अ‍ॅसिटल, ज्याला दुकानात डेलरिन म्हणतात, पाणी फार कमी घेतं. पूर्ण भिजल्यावरही एक टक्क्याच्या आत. मापं टिकतात, लेथवर सुंदर कापलं जातं. पाणी लागणार असेल किंवा क्लिअरन्स नेमका हवा असेल तर माझी पहिली पसंती अ‍ॅसिटलला. क्लोरीन आणि जोरकस आम्ल मात्र त्याला चालत नाहीत. डेअरीत पाइपलाइन आम्लाने धुतली जाते, तिथे नायलॉन आणि अ‍ॅसिटल दोन्ही टाळा.

माती, वाळू, उसाची चिपाडं असलेल्या संथ जागी यूएचएमडब्ल्यू चांगलं, कारण घासून झिजण्याला त्याच्याइतकं चिवट प्लास्टिक सहसा मिळत नाही. पण ते मऊ आहे, उष्णतेने खूप फुगतं आणि ८० अंशांच्या पुढे उपयोगाचं नाही. तापमान १०० अंशांच्या वर जात असेल तर नायलॉन-अ‍ॅसिटलचा विचार सोडा आणि भरलेलं टेफ्लॉन किंवा पीक (PEEK नावाचं प्लास्टिक) बघा. दोन्ही २५० अंशांपर्यंत टिकतात. पीक महाग आहे, म्हणून गरज असेल तिथेच.

आकाराचे पर्याय

साधी नळी हा सगळ्यात स्वस्त पर्याय. बाजूने भार येत असेल तर कॉलरचा बुश घ्या, कॉलर हाउसिंगच्या तोंडाशी टेकते आणि बुश आत सरकत नाही. बाजूचा भार जास्त असेल तर कॉलरवर विसंबू नका. वेगळा थ्रस्ट वॉशर (बाजूचा भार घेणारी चकती) घाला. तो झिजला की एकटाच बदलता येतो.

पत्र्याच्या लिव्हरसाठी दोन्ही बाजूंना ओठ असलेले आणि एका बाजूने चिरलेले क्लिप बुश मिळतात, ते दाबून भोकात अडकवायचे. शाफ्ट न काढता बुश बदलायचा असेल तर दोन अर्ध्या तुकड्यांचा बुश करा. शाफ्ट वाकण्याची किंवा हाउसिंग एका रेषेत नसण्याची शक्यता असेल, शेतीच्या अवजारांत ती नेहमीच असते, तर गोलाकार बॉल असलेलं बेअरिंग घ्या. जागा कमी आणि भार जास्त असेल तर स्टीलच्या पत्र्यावर सच्छिद्र ब्राँझ आणि त्यात टेफ्लॉन भरलेला पातळ बुश सगळ्यात उत्तम. पत्रा उष्णता वाहून नेतो आणि टेफ्लॉन घसरण देतं. पण तो आतून बोअर करता येत नाही. टेफ्लॉनचा थर फार पातळ असतो, बोअर केला की तो निघून जातो.

धुळीच्या जागी बुशच्या आत लांबीच्या दिशेने तीन खाचा द्या. कचरा तिथे पडतो आणि घासणाऱ्या जागेतून बाजूला होतो. भार ज्या बाजूला आहे त्या बाजूला खाच येता कामा नये.

एका पर्यायाचा आपल्याकडे फार कमी वापर होतो, तो म्हणजे तिरका चिरलेला बुश. दाबून बसवलेला अखंड बुश गरम झाला किंवा ओलावा प्यायला की घेराच्या दिशेने फुगू पाहतो. हाउसिंग त्याला जागा देत नाही. प्लास्टिक त्या दाबाखाली हळूहळू कायमचं दबतं. यंत्र थंड झालं किंवा हिवाळा आला की तोच बुश आकसतो आणि हाउसिंगमध्ये सैल होऊन फिरायला लागतो. बुशला ३० ते ४५ अंशांत तिरकी चीर दिली तर फुगवटा चिरेत जातो. चीर तिरकी असल्यामुळे शाफ्टखाली सलग फट कुठेच येत नाही. रुंदी अशी काढा: आपल्या बुशचा (आत २५, बाहेर ३१ मिमी) मधला घेर सुमारे ८८ मिमी. नायलॉन ओलाव्याने १ टक्का आणि उष्णतेने जवळपास ०.४ टक्के वाढतं असं धरलं तर सव्वा मिमी. म्हणून चीर दीड ते दोन मिमीची. हा बुश घट्ट बसत नाही, त्यामुळे तो फिरू नये यासाठी पिन किंवा चपटी बाजू द्यावी लागते.

भिंत पातळ ठेवा

गनमेटलच्या ड्रॉइंगमध्ये पाच-सहा मिमीची भिंत सर्रास दिसते. प्लास्टिकमध्ये ती तशीच ठेवली तर उष्णता बाहेर पडायला आणखी जड आणि फुगणारं मटेरिअलही दुप्पट. भिंत शाफ्टच्या व्यासाच्या ६ ते १२ टक्के पुरते. २५ मिमीला दीड ते तीन मिमी. जुन्या हाउसिंगचं भोक मोठं असेल तर बाहेरून स्टीलची किंवा अ‍ॅल्युमिनिअमची स्लीव्ह दाबा आणि तिच्यात पातळ प्लास्टिक बुश बसवा.

क्लिअरन्स: इथे वेळ द्या

गनमेटलला २५ मिमीच्या शाफ्टवर एच७/एफ७ फिट (भोक आणि शाफ्टच्या मापांचे प्रमाणित कोड) दिला तर क्लिअरन्स ०.०२ ते ०.०६२ मिमी येतो. प्लास्टिकला हा मुळीच पुरत नाही. चार भाग वेगवेगळे काढून बेरीज करा. आपला बुश तीन मिमी भिंतीचा, बाहेरचा व्यास ३१ मिमी.

पहिला भाग, चालण्याचा मूळ क्लिअरन्स: शाफ्टच्या व्यासाच्या ०.४ टक्के, म्हणजे ०.१० मिमी.

दुसरा, उष्णतेचा: अ‍ॅसिटल प्रत्येक अंशाला आपल्या मापाच्या एक कोटीत ११०० भाग वाढतं, स्टीलच्या नऊपट. बाहेरून हाउसिंगने धरलेला असल्यामुळे त्याची भिंत आतल्या बाजूला जाड होते. ४० अंशांच्या वाढीला, दोन्ही बाजू मिळून, ०.०४ मिमी. शाफ्ट आणि स्टीलचं हाउसिंगही गरम होऊन थोडे वाढतात, पण दोन्ही सारखेच, त्यामुळे ते एकमेकांना कापतात. नायलॉनला हा आकडा ०.०३.

तिसरा, ओलाव्याचा: अ‍ॅसिटलला नगण्य. नायलॉन पावसाळी हवेत साधारण एक टक्का वाढेल असं धरून दोन्ही बाजू मिळून ०.०८ मिमी.

चौथा, दाबून बसवल्याने आत येणारा: इंटरफिअरन्स (बुश भोकापेक्षा जेवढा मोठा ठेवतात तो फरक) बाहेरच्या व्यासाच्या अर्धा टक्का, म्हणजे ०.१५ मिमी. पातळ प्लास्टिक बुशमध्ये हा जवळजवळ सगळाच्या सगळा आतल्या भोकात उतरतो. गनमेटलच्या जाड बुशच्या सवयीने हे लक्षात राहत नाही आणि बुश बसवताच शाफ्ट अडकतो.

अ‍ॅसिटलची बेरीज ०.२९. बुश लेथवर २५.२९ ला बोअर करायचा, बसवल्यावर तो २५.१४ च्या आसपास येतो. नायलॉनची बेरीज ०.३६, म्हणजे २५.३६ आणि बसवल्यावर २५.२१. ड्रॉइंगवर दोन्ही मापं लिहा, बसवण्याआधीचं आणि नंतरचं, आणि तपासणी नंतरच्या मापावर करा. हा क्लिअरन्स हातात घेतल्यावर फिटरला "केवढा प्ले आहे" असं वाटेल. त्याला हे गणित दाखवा. एवढा प्ले ज्या जागी चालणारच नाही, उदाहरणार्थ मोजमापाच्या यंत्रात, तिथे नायलॉनचा साधा बुश हा पर्यायच नाही.

टॉलरन्स (मापात चालणारा फरक) ±०.०५ मिमी द्या. ±०.०१ मागितलं तर टर्नर कदाचित करून देईल, पण दुसऱ्या दिवशी ते माप राहणार नाही.

तयार मोल्डेड पातळ बुश वापरत असाल तर हे गणित बनवणाऱ्याने केलेलं असतं. त्यांची नेहमीची शिफारस हाउसिंग एच७ (मोठा H), शाफ्ट एच९ (लहान h) आणि बसवल्यावर आतलं माप ई१०. २० मिमीच्या बुशला, ज्याचा बाहेरचा व्यास २३ असतो, ई१० म्हणजे २०.०४० ते २०.१२४. हाउसिंगचं भोक एच७ च्या बाहेर गेलं तर हा हिशोब बिघडतो, म्हणून भोक ड्रिलवर न सोडता रीमर फिरवा.

बुश धरून कसा ठेवायचा

६० अंशांच्या आत आणि हलक्या भाराला दाबून बसवणं पुरतं. त्यापुढे पिन, चपटी बाजू किंवा कॉलरला स्क्रू द्या. बाहेरून ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) आवळायची सवय इथे घातक आहे. स्क्रूचं टोक बुश आत ढकलतं आणि त्याच जागी शाफ्ट घासतो. बाहेरून आधी खाच करून तिच्यात स्क्रूचं टोक सैल बसू द्या. गोंदावर विसंबू नका. अ‍ॅसिटल, टेफ्लॉन, यूएचएमडब्ल्यू यांना नेहमीचा गोंद धरतच नाही.

शाफ्ट

प्लास्टिक मऊ आहे म्हणून शाफ्ट कसाही चालतो, हा गैरसमज महागात पडतो. शाफ्ट ग्राइंड केलेला हवा, खडबडीतपणा आरए ०.२ ते ०.४ मायक्रॉन. लेथच्या टूलच्या रेघा असलेला शाफ्ट कानशीसारखं काम करतो. अगदी आरशासारखा गुळगुळीतही नको, संथ वेगात शाफ्ट अडकत-सुटत चालतो आणि किंचाळतो. काच भरलेलं प्लास्टिक असेल तर शाफ्ट किमान ५० एचआरसी (रॉकवेल सी कडकपणा) कडक किंवा हार्ड क्रोम केलेला हवा, नाहीतर काचेचे तंतू शाफ्टच खातात. ३०४ स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनिअमवर काच भरलेला बुश अजिबात नको. प्लास्टिकच्या शाफ्टवर प्लास्टिक बुशही टाळा, उष्णता बाहेर जायला वाटच राहत नाही.

बनवणं आणि बसवणं

टूल धारदार ठेवा, एचएसएस (हाय स्पीड स्टील) किंवा कोटिंग नसलेलं कार्बाइड. बोथट टूल कापत नाही, घासतं; जॉब गरम होतो, आणि गरम जॉबचं माप थंड झाल्यावर बदलतं. तीन जबड्यांच्या चकमध्ये पातळ बुश आवळला की बोअर करताना गोल दिसतो आणि चक सोडली की तीन बाजूंनी दबलेला निघतो. त्यासाठी कॉलेट किंवा जॉबच्या व्यासाला बोअर केलेले मऊ जबडे वापरा. आधी खरड कापून एक रात्र ठेवा, मग फिनिश करा. रॉडमधला ताण तेवढ्यात मोकळा होतो.

मोजताना व्हर्नियरचे आतले जबडे प्लास्टिकमध्ये रुततात आणि माप जास्त दाखवतात. गो आणि नो-गो प्लग गेज करून घ्या: एक टोक भोकात जायला हवं, दुसरं जाता कामा नये. चार बुश करायचे असतील तरी तो खर्च वसूल होतो.

हाउसिंगच्या तोंडाला २०-३० अंशांचा चॅम्फर (उतरती कड) आहे आणि बर (धारदार उरलेली कड) नाही याची खात्री करा, नाहीतर कड बुशचा बाहेरचा भाग सोलत जाते. बुश हातोडीने ठोकू नका. हँडप्रेस आणि खांदा असलेला मँड्रेल (बुश ढकलायचा दांडा) घ्या, मँड्रेलचा पुढचा भाग बुशच्या आत सैल जाईल असा. सोपी युक्ती म्हणजे बुश रात्रभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा. ३१ मिमीचा नायलॉन बुश उणे १८ अंशांवर जवळपास ०.१३ मिमी आकसतो, आणि ०.१५ चा इंटरफिअरन्स अंगठ्याच्या थोड्या जोराने आत जातो. गार प्लास्टिक ठिसूळ असतं, तेव्हा धक्का देऊ नका. बुश तापमानाला आला की मगच प्लग गेज लावा.

पहिले काही तास

बसवताना शाफ्टवर थोडं ग्रीस चोपडलं तर सुरुवातीची झीज कमी होते. धुळीच्या जागी मात्र तसं करू नका, ग्रीस आणि धूळ मिळून घासणारा लेप तयार होतो. तिथे पूर्ण कोरडं ठेवा किंवा सील लावून पूर्ण ग्रीसवर चालवा.

सुरुवात शक्य असेल तर निम्म्या भारावर करा. या काळात शाफ्टवर प्लास्टिकचा पातळ थर बसतो आणि घर्षण खाली येतं. तो थर रॉकेलने पुसून काढू नका. तापमान हाउसिंगला हात लावून बघण्यात अर्थ नाही, घोंगडीच्या बाहेरून ते कळत नाही. इन्फ्रारेड थर्मामीटर बुशला लागून असलेल्या शाफ्टवर धरा. चमकदार शाफ्टवर तो चुकीचं दाखवतो, म्हणून काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजा. तापमान चढून एका जागी थांबलं तर बुश ठीक. ते थांबतच नसेल तर भार किंवा आरपीएम कमी केल्याशिवाय पुढे चालवू नका.

शाफ्ट दोन्ही दिशांना ढकलून डायल गेजवर पहिल्या दिवशीचा प्ले लिहून ठेवा. नंतर दर महिन्याला तोच मोजा. सुरुवातीला तो जरा वेगाने वाढतो, मग वाढ मंदावते. ती मंदावलेली गती मिळाली की बुश कधी बदलायचा याची तारीख तुमच्याच यंत्राच्या आकड्यांवरून निघते.